पायाच्या खोदकामात माणसाची हाडे निघाली, तर पुढे काय?

विचारलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. एका लहानशा वस्तीत सार्वजनिक सभागृहाच्या पायासाठी चर खणला जात असताना दीड मीटरच्या आसपास खोलीवर यंत्राच्या बकेटमध्ये हाडे आली आणि त्यात कवटीचा एक तुकडा होता. चालकाने यंत्र थांबवले, मुकादमाने दिसली तेवढी हाडे वेचून एका रिकाम्या गोणीवर ठेवली आणि तासाभरात निम्मी वस्ती चराच्या काठावर येऊन उभी राहिली. प्रश्न चार आहेत: हाडे माणसाचीच आहेत का, ती किती जुनी आहेत, काम किती दिवस अडेल, आणि शेवटी या अवशेषांचे करायचे काय. न्यायवैद्यक मानवशास्त्र आणि पुरातत्त्व या दोहोंच्या सीमेवर मी अनेक वर्षे काम करत आहे. अनुभव असा, की या चारही प्रश्नांची उत्तरे पाचव्याच एका प्रश्नात दडलेली असतात आणि तो सहसा कोणी विचारत नाही: हाडे जमिनीत नेमकी कुठे आणि कशा अवस्थेत होती? म्हणून मी सुरुवात तिथून करतो.

यंत्र थांबले हे उत्तम झाले. आता ते जिथे आहे तिथेच राहू द्यावे. बकेटमध्ये माती शिल्लक असेल तर ती रिकामी करू नये, कारण त्या मातीत बोटांची, पायाची, लहान मुलाची हाडे असू शकतात आणि ती चिखलात खड्यांपासून वेगळी ओळखू येत नाहीत. त्या दिवशी त्या चरातून निघालेल्या मातीचा ढीग वेगळा ठेवून त्याभोवती दोरी बांधावी. तो ढीग भरावासाठी दुसरीकडे गेला, तर सांगाड्याचा एक भाग त्याच्यासोबत गेला असे समजावे. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात, त्यांपैकी १०६ म्हणजे निम्म्याहून जास्त दोन्ही हात आणि पाय यांच्या पंजांत असतात. बकेटच्या दातांना सर्वांत आधी हुकतात ती हीच हाडे. गोणीवर ठेवलेली हाडे पुन्हा चरात ठेवण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. ती कोणी उचलली, साधारण कुठून उचलली आणि त्या वेळी काय दिसले, हे उचलणाऱ्याच्या तोंडून त्याच दिवशी लिहून घ्यावे. दोन दिवसांनी तोच माणूस इतरांनी सांगितलेले स्वतःचे म्हणून सांगू लागतो. यात लबाडी नसते, स्मरणशक्तीचा तो स्वभावच आहे.

हाडे धुऊ नयेत. मी एकदा अशा जागी पोहोचलो, तेव्हा कामगारांनी आदर म्हणून कवटी बादलीत धुऊन स्वच्छ कापडावर ठेवली होती. त्यांच्या भावनेला नाव ठेवता येत नाही, पण कवटीच्या आत दाबून बसलेली माती, तिच्यातले केस किंवा कापडाचे धागे असलेच तर ते, आणि सैल झालेले पुढचे दोन दात त्या पाण्याबरोबर गेले. जे उघडे पडले आहे त्यावर ओलसर सुती कापड टाकावे आणि वर सावली करावी. ओल्या मातीतून निघालेले हाड उन्हात काही तासांत तडकते. प्लास्टिक थेट हाडावर गुंडाळून ठेवले तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. मग पोलिसांना कळवावे. हाडे जुनी दिसतात म्हणून परस्पर पुरातत्त्ववाल्यांना बोलावणे आणि पोलिसांना नंतर सांगणे हा क्रम जवळपास सर्वच देशांत चुकीचा ठरतो, कारण मृत्यूचे कारण तपासण्याजोगे आहे की नाही हे आधी ठरावे लागते.

एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. काठावर जमलेल्या लोकांना खरा धोका हाडांपासून नसतो. कोरड्या, जुन्या हाडांपासून रोग होण्याची शक्यता नगण्य असते. शिशाची शवपेटी अखंड निघाली किंवा गुरे पुरल्याचा खड्डा निघाला तर गोष्ट वेगळी, कारण काळपुळी रोगाचे बीजाणू मातीत कित्येक दशके तग धरतात आणि तिथे थांबून जाणकाराला विचारलेच पाहिजे. पण रोजचा धोका चराच्या भिंतीचा आहे. दीड मीटर खोल, आधार न दिलेल्या चराच्या काठावर चाळीस माणसे वाकून पाहत असतील, तर त्यांना आधी मागे सारावे.

आता पहिला प्रश्न. हाडे माणसाची आहेत का, हे बहुधा अर्ध्या तासात कळते. बाजूला मोजपट्टी ठेवून काढलेली चार चांगली छायाचित्रे जाणकाराला पाठवली तरी पुष्कळदा पुरते. माणसाच्या मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि मागच्या बाजूने स्नायू चिकटण्याची एक खरखरीत कड खाली उतरते. बहुतेक चतुष्पाद प्राण्यांत हा घाट असाच दिसत नाही. तरीही चकवणारी हाडे आहेत. कातडी काढलेल्या अस्वलाच्या पंज्याची हाडे माणसाच्या हातासारखी दिसतात आणि त्यांनी भल्याभल्यांना फसवले आहे. उलट बाजूने, तान्ह्या मुलाची हाडे पक्ष्याची किंवा मांजराची समजून फेकून दिली जातात. ती लहान असतात आणि टोके अजून जुळलेली नसल्यामुळे त्यांचा आकार ओळखीचा वाटत नाही. दुसऱ्या प्रकारची चूक अधिक दुःखद, कारण ती कधीच उघडकीस येत नाही.

किती जुनी, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि त्याचे उत्तर नुसत्या हाडाकडे पाहून देणारा माणूस बहुधा चुकतो. काळपट हाड जुने आणि पांढरे हाड नवे, हा समज टिकत नाही. लोह आणि मँगनीज असलेल्या मातीत काही दशकांत हाड गडद तपकिरी होते, तर चुनखडीच्या कोरड्या जमिनीत हजार वर्षांचे हाड फिकट आणि टणक राहते. आम्लधर्मी वाळूत तर हाड उरतच नाही. इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ साली जहाजासह दफन सापडले, सोने सापडले, पण देह सापडला नाही. पुढे त्याच परिसरातील इतर काही थडग्यांत माणसाच्या आकाराचा केवळ गडद डाग वाळूत उरलेला दिसला.

नुसत्या अंदाजाने काय होऊ शकते याचा सर्वांत विलक्षण दाखला इंग्लंडमधील चेशायरचा आहे. १९८३ साली लिंडो मॉस या दलदलीत पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, काढणाऱ्या कामगारांना एक कवटी सापडली. पोलिसांना ती अलीकडची वाटली. जवळच पूर्वी राहणाऱ्या एका माणसाची पत्नी वीसेक वर्षांपासून बेपत्ता होती. कवटीबद्दल विचारणा होताच त्याने खुनाची कबुली दिली. त्यानंतर कार्बन पद्धतीने काळ निघाला, तो रोमन राजवटीचा, म्हणजे सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचा. कबुलीच्या आधारे त्याला शिक्षा झाली. कवटीचा त्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. हा किस्सा ऐकून लोक हसतात. मला त्यातून एवढेच दिसते, की अनुभवी माणसांनीही सतराशे वर्षांचे हाड वीस वर्षांचे मानले होते.

मग काळ ठरतो कशावरून? बहुतेक वेळा मातीवरून. माणसाला पुरताना खड्डा खणला जातो आणि निघालेली माती परत लोटली जाते. ती कितीही दाबली तरी मूळ थरांसारखी बसत नाही. वरची काळी माती आणि खालचा पिवळा मुरूम मिसळून ठिपक्याठिपक्यांची भर तयार होते. चराची उभी भिंत थापीने हलक्या हाताने तासून थोडे पाणी शिंपडले, की त्या खड्ड्याची कड रेघ ओढल्यासारखी दिसते. ही कड कोणत्या थरापासून खाली सुरू होते, हे सर्वांत महत्त्वाचे असते. जुन्या इमारतीची फरशी किंवा भरावाचा थर त्या खड्ड्याच्या वरून अखंड गेला असेल, तर दफन त्या बांधकामाच्या आधीचे आहे. खड्डा त्या थराला भेदून खाली गेला असेल, तर नंतरचे. हे वाचायला कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही. पण यंत्राने आणखी दोन फेऱ्या मारल्या असत्या, तर ही भिंत शिल्लक राहिली नसती, आणि मग कोणत्याही प्रयोगशाळेला ती परत आणता येत नाही. म्हणून माझ्या लेखी त्या चालकाने वेळीच हात आवरला, ही या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

दुसरा आधार सांगाड्याच्या मांडणीचा. सांधे जुळलेले असतील, म्हणजे मणक्याला मणका आणि गुडघ्याला वाटी जागेवर असेल, तर देह तिथेच पुरला गेला आणि नंतर कोणी हलवला नाही. हाडे एकमेकांत मिसळलेली असतील, तर ती दुसरीकडून भरावाच्या मातीबरोबर आलेली असू शकतात, आणि मग मूळ जागा शोधावी लागते. भरावातून आलेली हाडे हा प्रकार वाटतो त्याहून कितीतरी नेहमीचा आहे. हाडावरचा ताजा तुटका भाग आतून फिकट दिसतो, जुन्या तुटीवर मात्र आसपासच्या हाडाचाच रंग चढलेला असतो. त्यावरून यंत्राने केलेली मोडतोड आणि पूर्वीची इजा वेगळी काढता येते.

तिसरा आधार सोबतच्या वस्तूंचा. छातीच्या हाडावर सरळ रेषेत पडलेली चार बटणे, मातीत कुजून गेलेल्या लाकडाच्या रेषेवर ठरावीक अंतराने उभे राहिलेले गंजके खिळे, दातात भरलेले चांदीचे मिश्रण, ही काळाची खूण असते. कपड्याची दातेरी चेन (झिप) निघाली तर आपण विसाव्या शतकात आलो. खुब्यात किंवा गुडघ्यात बसवलेला धातूचा सांधा निघाला तर त्यावर क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून माणसाच्या नावापर्यंत जाता येते. मनगटाच्या हाडावर दिसणारा हिरवा पट्टा मला नेहमी थांबवतो. कडे किंवा बांगडी कधीच विरून गेलेली किंवा काढून नेलेली असते, पण तांब्याचा क्षार हाडात उतरून तिची जागा दाखवत राहतो. हाड धुऊन घासले, तर तो पट्टाही फिकट होतो.

प्रयोगशाळेचे काम यानंतर सुरू होते. कार्बन-१४ या समस्थानिकाचे, म्हणजे कार्बनच्या एका वेगळ्या वजनाच्या रूपाचे, अर्धायुष्य ५७३० वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मे उरते. जिवंतपणी शरीरात आलेला हा कार्बन मृत्यूनंतर ठरावीक गतीने घटतो आणि हाडातल्या कोलॅजेन प्रथिनातून तो मोजता येतो. ही पद्धत विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस उभी केली आणि त्यासाठी त्यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ती हजारो वर्षांच्या हाडांवर उत्तम चालते. मात्र १६५० ते १९५० या सुमाराच्या तीनशे वर्षांत वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण असे खालीवर झाले, की एकाच मोजणीला तीन-चार वेगवेगळे काळ जुळतात. वस्तीतल्या लोकांना जो काळ हवा असतो, पणजोबांच्या पिढीचा, तो नेमका याच पट्ट्यात पडतो. त्याच्या पुढे मात्र एक विचित्र सोय झाली आहे. १९५० च्या दशकात सुरू झालेल्या हवेतील अणुचाचण्यांनी वातावरणातील कार्बन-१४ जवळपास दुप्पट केला. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो उतरू लागला. त्यामुळे त्यानंतर वाढलेल्या शरीरात ही खूण सापडते आणि अवशेष पोलिसांच्या कामाचे आहेत की इतिहासाच्या, याचा निवाडा बऱ्यापैकी खात्रीने होतो.

व्यक्ती कोण होती, याबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. प्रौढाचे लिंग श्रोणीच्या, म्हणजे कमरेच्या, हाडावरून चांगले कळते, लहान मुलाचे केवळ हाडावरून भरवशाने कळत नाही. मुलांचे वय दातांवरून बरेच जवळ सांगता येते, पण पन्नाशीनंतर अंदाज वीस-वीस वर्षांनी रुंदावतो. मृत्यूचे कारण बहुतेक सांगाड्यांत सापडतच नाही, कारण ज्वर, बुडणे, विष यांपैकी बहुतेक गोष्टी हाडावर काहीच लिहीत नाहीत. दातांचे कवच मात्र बोलके असते. ते बालपणी तयार होते आणि नंतर बदलत नाही, त्यामुळे त्यातील स्ट्रॉन्शियम आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून माणूस लहानपणी कोणत्या प्रदेशात होता हे ताडता येते. इंग्लंडमध्ये एम्सबरीजवळ शाळेच्या बांधकामाआधी २००२ साली सापडलेला चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा पुरुष आल्प्सच्या परिसरात वाढला होता, हे असेच कळले.

काम किती दिवस अडेल, याचे उत्तर एका सांगाड्यावरून देता येत नाही. एक पूर्ण सांगाडा नोंदींसह, लाकडी काड्या आणि मऊ ब्रशने मोकळा करून, रेखाटून, हाडागणिक पिशवीत भरून काढायला दोन माणसांना साधारण एक-दोन दिवस लागतात. खरा प्रश्न असतो, हे एकच दफन आहे की दफनभूमीची कड. ते ठरवण्यासाठी उरलेल्या बांधकामाच्या जागेत जाणकाराच्या देखरेखीखाली, दात नसलेल्या सपाट बकेटने, पातळ थर काढत दोन-तीन चाचणी चर घ्यावेत. ठेकेदार याला वेळेचा अपव्यय म्हणतात. मी त्यांना फ्लोरिडातील टायटसव्हिलजवळच्या विंडोव्हरची गोष्ट सांगतो. १९८२ साली तिथे नव्या वसाहतीचा रस्ता तळ्यातून नेला जात असताना यंत्रचालकाला बकेटमध्ये कवट्या दिसल्या आणि त्याने काम थांबवले. अवशेष सुमारे सात-आठ हजार वर्षांपूर्वीचे निघाले. विकासकाने रस्त्याची आखणी बदलली. पुढे १९८४ ते १९८६ या काळात त्या तळ्याच्या पीटमधून किमान १६८ व्यक्तींचे अवशेष निघाले आणि त्यांपैकी नव्वदहून अधिक कवट्यांत मेंदूचा अंश टिकून होता. वसाहत मात्र अडली नाही, कारण रस्ताच दुसरीकडून गेला. पायाची जागा चार मीटर सरकवणे हा उपाय कागदावर जितका कटकटीचा वाटतो, तितका तो जमिनीवर नसतो.

उलट उदाहरण न्यूयॉर्कचे. मॅनहॅटनमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीसाठी खोदकाम सुरू झाले. जुन्या नकाशांवर तिथे आफ्रिकन वंशाच्या लोकांची अठराव्या शतकातील दफनभूमी दाखवलेली होती, पण नंतरच्या इमारतींच्या पायांनी ती कधीच नष्ट झाली असेल असे गृहीत धरले गेले. काही मीटर भरावाखाली ती शाबूत होती. घाईने काढलेल्या अवशेषांवरून वंशज समाजात संताप उसळला, १९९२ मध्ये उत्खनन थांबवावे लागले आणि आराखडा बदलला. निघालेल्या ४१९ व्यक्तींचे अवशेष २००३ साली, म्हणजे बारा वर्षांनी, पुन्हा दफन झाले. उशीर हाडांमुळे झाला असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या पूर्वजांची ती हाडे होती त्यांना शेवटी विचारल्यामुळे झाला.

लहान वस्तीत हा धडा अधिक लागू पडतो, कारण तिथे जमिनीची आठवण माणसांत जिवंत असते. टेक्सासमधील शुगर लँड येथे शाळेच्या इमारतीचे काम चालू असताना २०१८ साली ९५ थडगी निघाली. ती गुलामगिरी संपल्यानंतरही कैदी म्हणून भाड्याने राबवल्या गेलेल्या कृष्णवर्णीय मजुरांची होती. त्या परिसरात थडगी असणार, असे एक माजी तुरुंग-रक्षक कित्येक वर्षे सांगत आला होता. म्हणून माझी विनंती अशी, की चाचणी चरांच्या आधी वस्तीतल्या सर्वांत वयस्कर चार-पाच जणांशी बसून बोलावे. त्यांना ‘इथे दफनभूमी होती का’ असे थेट विचारू नये, तसे विचारले की ‘नाही’ येते. तिथे पूर्वी काय पिकायचे, कोणता कोपरा नांगरायचा नाही असे सांगितले जायचे, मुलांना कुठे खेळू देत नसत, असे विचारावे. न नांगरलेल्या कोपऱ्यांनी मला नकाशांपेक्षा जास्त वेळा वाट दाखवली आहे.

याच चौकशीची दुसरी बाजू नाजूक आहे. वस्तीत एखादे कुटुंब कोणाची तरी वाट पाहत असू शकते. चराच्या काठावरून कवटीचे छायाचित्र मोबाईलवर फिरले, तर ते त्या घरातही पोहोचते. एकच माणूस ठरवून त्यानेच माहिती द्यावी, आणि काळ निश्चित होईपर्यंत ‘जुनी असावीत’ असा दिलासाही देऊ नये. दिलासा चुकीचा ठरला, की पुढे खरे सांगितले तरी कोणी ऐकत नाही.

आणि वस्तीने स्वतः खणू नये, भावना कितीही शुद्ध असली तरी. पंजाबमधील अजनाला येथील विहिरीतून २०१४ साली १८५७ च्या सैनिकांचे मानले गेलेले अवशेष लोकांनीच बाहेर काढले. त्यामागे आदर होता, पण शास्त्रीय नोंदी नव्हत्या; हाडे मोडली, मिसळली आणि एकेका माणसाचा सांगाडा वेगळा करणे अशक्यप्राय झाले. नंतर दातांतील समस्थानिक आणि जनुकीय तपासणीवरून ही माणसे गंगेच्या मैदानी प्रदेशातील असल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, आणि ते ऐतिहासिक नोंदींशी जुळले. समूह ओळखता आला. माणसे मात्र एकमेकांत हरवली.

शेवटचा प्रश्न अवशेषांच्या भवितव्याचा. कायदे देशागणिक वेगळे आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरलेले अवशेष हलवायला १८५७ च्या दफन कायद्याखाली परवाना लागतो. अमेरिकेत १९९० च्या संघीय कायद्याने मूलनिवासी जमातींचा आपल्या पूर्वजांच्या अवशेषांवरचा हक्क मान्य केला. पुरातत्त्वज्ञांच्या जागतिक परिषदेने १९८९ साली अमेरिकेतील व्हर्मिलियन येथे मान्य केलेल्या तत्त्वांत मृताची इच्छा, स्थानिक समाजाची इच्छा आणि संशोधनाचे मोल या तिन्हींचा आदर करावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात या तिन्हींत ओढाताण होते. माझे मत विचाराल, तर अभ्यासासाठी मुदत आधीच लेखी ठरवावी, किती हाडातून नमुने घेणार आणि उरलेले परत कधी येणार हे वस्तीला सांगावे, आणि मृताचा धर्म किंवा समाज निश्चित नसेल तर घाईने एका विधीवर शिक्कामोर्तब करू नये. मुदत ठरली नाही, तर खोकी कपाटात राहतात. मी अशी खोकी पाहिली आहेत, ज्यांवरची चिठ्ठी वाचणारा माणूस निवृत्त होऊन गेला होता.

पुनर्दफन शक्य तितके मूळ जागेजवळ करावे, प्रत्येक व्यक्तीची हाडे वेगळी ठेवावीत आणि सोबत न गंजणाऱ्या पट्टीवर क्रमांक द्यावा. नव्या सभागृहाच्या बांधकाम नकाशावर मूळ खड्ड्याची जागा, खोली आणि नवी जागा मोजमापांसह दाखवून त्याची एक प्रत जमिनीच्या दप्तरात द्यावी, म्हणजे पन्नास वर्षांनी तिथे पाण्याची वाहिनी टाकणाऱ्याला यंत्र सुरू करण्याआधीच ती दिसेल.